नानांचा सी ड्राइव्ह लाल

बुधवार

नाना (बी-१०२): सर्व सभासदांस नमस्कार. विषय थोडा खाजगी आहे पण सोसायटीशी संबंध येतो म्हणून इथे टाकतो. माझ्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह रविवारी सकाळी ६ जीबी मोकळा होता. आज १८० एमबी. तीन दिवसांत मी फक्त एक पावती टाइप केली आहे.

आप्पा (ए-१०१): मार्चचा हिशोब अद्याप ग्रुपवर आलेला नाही.

नाना (बी-१०२): आप्पासाहेब, हिशोब त्याच मशीनवर आहे. सेव्ह करायला गेलो की जागा नाही म्हणतं.

सुमाकाकू (बी-२०१): व्हायरस असेल हो. आमच्या भाच्याच्या मोबाईलमध्ये शिरला होता.

मामा (ए-२०२): नानानु, घूस शिरली असतली. पिंजरो लावा 😂

सेक्रेटरी (ए-३०१): गणपतीचे व्हिडिओ काढून टाका नाना. मागच्या वेळी तुम्ही पूर्ण विसर्जन शूट केलं होतंत. मांडवीपर्यंत.

नाना (बी-१०२): ते डी ड्राइव्हवर आहेत. डीला काही त्रास नाही. सीमधलं सगळं सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितल्या तर ३५ जीबी भरतात. ड्राइव्ह मात्र ९७ जीबी भरला म्हणतो. मधले ६२ कुठे गेले? चाळीस वर्षं खतावण्या लिहिल्यात, असा फरक मी पाहिलेला नाही.

आप्पा (ए-१०१): फरक म्हटल्यावर आठवलं. मार्चचा हिशोब.

वहिनी (ए-२०३): दुकानात दाखवलंत का?

नाना (बी-१०२): दाखवला. नवी डिस्क घ्या म्हणाला. जुनी ५०० जीबीची आहे आणि दिसते ४६५. तेव्हापासूनच फसवणूक चालू आहे असं माझं मत.

ओंकार (बी-३०२): नाना, ती फसवणूक नाही. डिस्क बनवणारे १००० नं मोजतात, विंडोज १०२४ नं मोजतं. ५०० चे ४६५ बरोबर आहेत.

नाना (बी-१०२): म्हणजे दोन वजनं. चांगला व्यापार आहे.

सेक्रेटरी (ए-३०१): हायबरनेट बंद करा. चालू काम डिस्कवर उतरवून मशीन बंद करतं ते. त्याची फाईल मोठी असते.

ओंकार (बी-३०२): असते, पण ती रोज वाढत नाही काका. ४ जीबी रॅमला ३ जीबीच्या आसपास, तेवढीच राहते. शिवाय नानांकडे इन्व्हर्टर नाही. वळवाचं आभाळ भरलं की लाईट जायच्या आधी हायबरनेट करून ठेवता येतं. रोज २ जीबी खाणारा कोणी वेगळा आहे. नाना, मशीन रात्री चालू ठेवता का?

नाना (बी-१०२): ठेवतो. बंद केलं तर परत चालू व्हायला वीस मिनिटं लागतात.

सुमाकाकू (बी-२०१): लाईटबिल सोसायटीच्या नावावर नाही ना 🙏

नाना (बी-१०२): काकू, माझ्या मीटरवर आहे. सोसायटीचं काम मात्र फुकट आहे.

मामा (ए-२०२): राखणदाराक नारळ ठेवा आणि गाऱ्हाणा घाला.

वहिनी (ए-२०३): मी सकाळी पेट्या ठेवल्यात जिन्यात, चार वाजता टेम्पो येतोय, कृपया कोणी फोटो टाकू नये.

आप्पा (ए-१०१): 📷 फोटो

वहिनी (ए-२०३): धन्यवाद आप्पा.

ओंकार (बी-३०२): नाना, संध्याकाळी येतो. प्रॉपर्टीजमध्ये सगळं मोजलं जात नाही. ज्या फोल्डरला आपल्याला परवानगी नाही ते एक्सप्लोरर गुपचूप सोडून देतं. विझट्री म्हणून एक प्रोग्राम आहे, कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते दाखवतो. तो अ‍ॅडमिन म्हणून, म्हणजे पूर्ण परवानगीनं, चालवून बघू.

रात्री ९.२०

ओंकार (बी-३०२): सापडलं. विंडोजमधलं टेंप फोल्डर, तात्पुरत्या फायलींचं. कॅब अंडरस्कोअरनं नाव सुरू होणाऱ्या ५८० च्या वर फायली, प्रत्येकी साधारण १०० एमबी. सगळ्या उडवल्या. ५७ जीबी मोकळे.

नाना (बी-१०२): ओंकारचे आभार. सौ. कांताने त्याला आंबापोळी दिली आहे.

सेक्रेटरी (ए-३०१): मी म्हणतच होतो टेंप.

सुमाकाकू (बी-२०१): तुम्ही हायबरनेट म्हणत होतात.

शनिवार

नाना (बी-१०२): ओंकार, रागावू नकोस. ५७ चे ५२ झाले.

सेक्रेटरी (ए-३०१): विनएसएक्सएस फोल्डर बघा, सगळ्यात मोठं तेच आहे. उडवा.

ओंकार (बी-३०२): कृपया नका!! ते उडवलं तर विंडोजच जाईल. दिसतं तेवढं ते मोठं नसतंही, एकच फाईल दोन ठिकाणी मोजली जाते. चूक माझी आहे. मी कचरा काढला, कचरा टाकणारा तसाच ठेवला. येतो.

ओंकार (बी-३०२): आता नीट कळलं. विंडोज स्वतःच्या कामाची डायरी लिहितं, सीबीएस लॉग. मोठी झाली की तिचा गठ्ठा बांधायला घेतं. नानांची डायरी २ जीबीच्या वर गेलीय आणि गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रामला तेवढी झेपत नाही. अर्धवट गठ्ठा टेंपमध्ये टाकतो आणि थोड्या वेळानं परत पहिल्यापासून. विंडोज ७ ची ही जुनी खोड आहे.

मामा (ए-२०२): पेटी बारकी, आंबे दोन डझन जास्त. झाकण बसतला कसा?

ओंकार (बी-३०२): अगदी तेच मामा. ती डायरी लिहिणारी विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर सर्व्हिस थांबवली, सीबीएसमधले जुने लॉग काढले, मग टेंप साफ केलं. आता पुन्हा होऊ नये. पण नाना, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर नेहमीचे अपडेट नाहीत. सोसायटीचे बँकेचे पासवर्ड यावर नकोत.

नाना (बी-१०२): पासवर्ड वहीत आहेत.

सुमाकाकू (बी-२०१): कुठल्या वहीत?

सेक्रेटरी (ए-३०१): काकू, ग्रुपवर नको.

आप्पा (ए-१०१): पासवर्ड वहीत आहेत हे उत्तम. हिशोब कुठे आहे?

मंगळवार

नाना (बी-१०२): तीन दिवस झाले, मोकळी जागा ५७ वर ठाम. मार्चचा हिशोब पीडीएफ जोडत आहे. थकबाकीची यादी पान २ वर.

सुमाकाकू (बी-२०१): पान २ बघितलं 🙏

मामा (ए-२०२): मिया पण बघितलंय.

आप्पा (ए-१०१): जिन्यात आज परत पेट्या आहेत. सेक्रेटरींनी लक्ष घालावे.