मदत हवी आहे: रिबवरून कयाक न्यायची कशी आणि पाण्यात सोडायची कशी?

ओहोटी_०७ · गुरुवार, रात्री ९:४२
लवकर उत्तर हवंय, रविवारी पहाटे निघायचंय. रिब म्हणजे कडक तळाची, कडेने हवेच्या ट्यूब असलेली मोटरबोट; कयाक म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी. कयाक रिबच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) आडवी टाकून पट्ट्यांनी आवळली होती. १८ नॉटला (ताशी १८ सागरी मैल) दहा मिनिटांत पट्टे सैल पडले, कयाक फिरली आणि डावीकडच्या डी-रिंगचा (ट्यूबवर चिकटवलेल्या कडीचा) पॅच एका कडेने उचलला गेला. दोनच प्रश्न:
१. हलणार नाही अशी बांधायची कशी?
२. पाण्यात सोडताना कुठल्या बाजूने सोडायची?
"शोधून बघा" म्हणू नका, शोधलंय.

जुना_नांगर · ९:५५
रिब किती लांब? कन्सोल (सुकाणू बसवलेला चौथरा) मधे की कडेला? कयाक किती लांब, किती किलो, प्लास्टिक की फायबर, वर बसायची की आत बसायची? अंतर किती? यातलं एकही नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार झाला हा.

ओहोटी_०७ · १०:०१
रिब ५.४ मीटर, ९० एचपी. कयाक साधीच आहे. बाकी नेहमीसारखं.

जुना_नांगर · १०:०३
"साधीच" हे माप नव्हे.

दोन_पाती · १०:१०
आधी कयाक आणि कनू यांतला फरक समजून घ्या. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, कनूच्या वल्ह्याला एकाच. कनूत गुडघ्यावर किंवा उंच आसनावर बसतात, कयाकमध्ये पाय पुढे पसरून. पुष्कळ लोक कनूलाच कयाक म्हणतात.

खारट · १०:१२
हे कुणी विचारलं होतं?

पाणकावळा · १०:२०
वर चढवायचा व्याप कशाला? ओढत न्या. ट्रान्समवरच्या (मागच्या सपाट फळीवरच्या) दोन्ही रिंगांना व्ही आकाराचा दोर, त्याच्या मध्याला कयाकच्या नाकाचा दोर. कयाक रिबच्या मागे उठणाऱ्या दुसऱ्या लाटेच्या पाठीवर बसेल इतकी दोराची लांबी ठेवा. बस.

सुरगाठ · १०:३४
आणि वेग? रिकामी कयाक हलकी, तिला दिशा धरून ठेवायला वर कुणी नाही. पाच नॉटच्या वर गेलात की शेपटीसारखी डावी-उजवीकडे हाणते, एका कडेवर चढते आणि उलटते. उलटली की पोटात पाणी घेऊन ब्रेकसारखी मागे ओढते. लाट मागून असेल तर आणखी वाईट: कयाक लाटेवरून घसरत येऊन इंजिनवर आपटते, मधला दोर सैल पडतो आणि पंख्यात जातो. ओहोटी, अंतर किती आहे ते सांगा.

ओहोटी_०७ · १०:४१
७ सागरी मैल. कयाक ३.८ मीटर, २९ किलो, रोटोमोल्ड प्लास्टिक, वर बसायची, स्कपर भोकं (पाणी निघून जायची) आहेत. कन्सोल मधे, मागे ए-फ्रेम (पाइपची कमान) आहे. झालं समाधान?

पाणकावळा · १०:४४
७ मैल म्हणजे ५ नॉटने दीड तास. न्या ना ओढत, घाई कसली?

खारट · १०:४६
त्यांना पहिल्या वाक्यापासून घाईच आहे.

सुरगाठ · ११:२०
आता बोलता येईल. आडवी टाकणंच चुकलं. नाळेपाशी रिबची रुंदी फार तर २.२ मीटर, कयाक ३.८. म्हणजे दोन्ही बाजूंना ८०-८० सेंटिमीटर बाहेर. रिब एका अंगाला कलली की त्या बाजूचं टोक लाटेत घुसतं, आणि १८ नॉटला पाणी त्याला लिव्हरसारखं फिरवतं. पट्टा कितीही आवळला तरी हे थांबत नाही.

पट्टे सैल का पडले? कारण ते हवेवर बांधलेले होते. उन्हात तापलेली ट्यूब, आत ३५ अंशांची हवा, दाब ०.२५ बार. २२ अंशांच्या पाण्यात ती पूर्ण थंड झाली तर बाहेरच्या हवेचा १.०१ बार दाब धरून १.२६ गुणिले २९५ भागिले ३०८ (तीच तापमानं केल्विनमध्ये), त्यातून १.०१ वजा. उरले साधारण ०.२० बार. ट्यूबचा वरचा भाग उन्हातच असतो, त्यामुळे घट थोडी कमी होईल. पण पट्टा ढिला पडायला तेवढी पुरते. रिब पाण्यात उतरवा, १५ मिनिटं थांबा, दाब मोजून पंपाने भरा, मगच पट्टे आवळा. परत आल्यावर रिब उन्हात राहणार असेल तर आधी पट्टे सोडा. दाब चढतो आणि ताण रिंगांवर येतो.

पॅच का उचलला? पॅच ट्यूबच्या पृष्ठभागाला समांतर ओढ भरपूर सहन करतो. काटकोनात वर ओढला की कडेपासून सोलला जातो. स्टिकर काढताना आपण नख कडेलाच घालतो, तसंच. म्हणून वजन ट्यूबवरच्या रिंगांना द्यायचंच नाही. डेकमध्ये बोल्टने बसवलेल्या स्टीलच्या कड्यांना द्यायचं.

कयाक लांबीत ठेवा. कन्सोल आणि ट्यूब यांच्या मधल्या पट्टीत, कडेवर उभी, तळ ट्यूबकडे, बसायची बाजू कन्सोलकडे. खाली २० मिलीमीटरचा ईव्हीए फोम. त्यात पाणी मुरत नाही आणि तो चेपून बसत नाही. २५ मिलीमीटरचे कॅम बकलचे (हाताने ओढून आवळायचे) दोन पट्टे, एक पुढच्या तृतीयांशावर, एक मागच्या. तिसरी दोरी कयाकच्या शेपटीपासून मागच्या कड्याला, कारण लाटेवर आपटताना माल पुढे सरकतो. रॅचेट नको. त्याच्या दांड्याने हाताला न कळता इतका ताण येतो की उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकला खळगा पडतो. पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही. बकल कयाकवर यावं, ट्यूबवर नव्हे. बांधायच्या आधी ट्यूब आणि कयाकचा तळ गोड्या पाण्याने धुवा. मधे राहिलेली वाळू सात मैलांत पॉलिश पेपरचं काम करते.

२९ किलो एका बाजूला आले, तर नांगर-साखळी आणि इंधनाचा सुटा डबा दुसऱ्या बाजूला.

जुना_नांगर · ११:३१
+१. ए-फ्रेमवर चढवायचा मोह होईल, टाळा. तिथे गुरुत्वमध्य वर जातो आणि वळताना रिब जास्त कलते. शिवाय एकाला ती तिथून उतरवता येत नाही.

पॅचचं: आधी ट्यूब कशाची ते बघा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा घासा. चिकट झालं तर पीव्हीसी, नाही झालं तर हायपालॉन (कृत्रिम रबर). दोघांचे गोंद वेगळे. एकाचा दुसऱ्याला लावलात तर महिन्यात पुन्हा सुटेल. दमट हवेत चिकटवू नका.

खारट · ११:३८
हायपालॉन हे ड्युपॉन्टचं व्यापारी नाव. त्यांनी ते २०१० मध्ये बनवायचं बंद केलं. आता मिळतं ते इतरांचं सीएसएम (तेच रबर, दुसऱ्या नावाने). तेव्हा "अस्सल हायपालॉन" म्हणून नवी ट्यूब कुणी विकत असेल तर जपून.

पाणकावळा · ११:४०
आता हे कुणी विचारलं होतं?

खारट · ११:४१
:)

मात्रा_वेलांटी · शुक्रवार, सकाळी ७:०५
"ती कयाक" की "तो कयाक"? धाग्यात सगळे स्त्रीलिंगी लिहिताहेत. होडी, नाव, बोट स्त्रीलिंगी म्हणून? मग जहाज नपुंसकलिंगी, पडाव आणि मचवा पुल्लिंगी, त्यांचं काय?

दोन_पाती · ७:३०
चांगला मुद्दा. तराफा पण पुल्लिंगी.

ओहोटी_०७ · ८:१०
कृपया. दुसऱ्या प्रश्नाचं कुणी बोललेलंच नाही. बाजू कुठली?

पाणकावळा · ८:१८
वाऱ्याच्या आडोशाची. रिबचं अंग लाट अडवतं, त्या बाजूला पाणी शांत असतं. यात विचारण्यासारखं काय आहे?

जुना_नांगर · ८:२६
असहमत. इंजिन बंद केलेली रिब वाऱ्याने सरकते, पाण्याला चिकटून बसलेल्या कयाकपेक्षा जोरात सरकते. आडोशाला कयाक सोडलीत तर रिब तिच्या अंगावर येत राहते. माणूस वल्हं मारायला बघतो तर एका बाजूला ट्यूब, पातं पाण्यात जातच नाही. वाऱ्याच्या बाजूने सोडा, रिब आपोआप दूर जाते.

पाणकावळा · ८:३०
आणि त्या बाजूला फुटणारी लाट कयाकमध्ये बसणाऱ्याच्या मांडीवर. छान. ट्यूब मऊ आहे, लागली तर लागली.

जुना_नांगर · ८:३३
लाट अर्ध्या मीटरच्या आत असेल तर वाऱ्याची बाजू. त्याहून मोठी असेल तर कयाक सोडायचीच नाही. कुठलीही बाजू असो, इंजिन न्यूट्रल नव्हे, बंद. न्यूट्रलमध्ये थ्रॉटलला कोपर लागायला किती वेळ?

सुरगाठ · ८:४०
दोघांचंही बरोबर, रिब चालवणारा आडोशाच्या बाजूला कयाक सोडल्यावर लगेच मागे सरकून जागा देणार असेल तर. ओहोटी, सुकाणूवर कोण असणार?

ओहोटी_०७ · ९:०२
कोण म्हणजे? मीच. एकटाच आहे. रिब नांगरायची, कयाकमध्ये बसून आत खाडीत जायचं, दोनेक तासांनी परत.

जुना_नांगर · ९:०३
हे आत्ता सांगताय?

खारट · ९:०४
बाजूची सगळी भांडणं रद्द. नांगरावरची रिब सरकत नाही.

सुरगाठ · १०:१५
मग मुख्य काम कयाक सोडण्याचं नाही, रिब दोन तास जागेवर ठेवण्याचं आहे. भरती धरा. खोली ४ मीटर, भरतीचं पाणी आणखी २ चढणार, नाळेची उंची ०.७. बेरीज ६.७. साखळीसह पाचपट म्हणजे ३३-३४ मीटर दोर सोडा. आताची खोली धरून २० सोडलात तर भरतीला नांगर उपटेल. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून १५ मिनिटं बघा. खुणा फाकत गेल्या तर नांगर घसरतोय. रिबचं तोंड प्रवाहाबरोबर थोडं फिरतं, ते वेगळं.

निघण्याआधी: शिडी खाली सोडा, आधी. कयाकमध्ये बसल्यावर ती हाताला येत नाही. किल्ली आणि किल कॉर्ड (इंजिन बंद करणारी दोरी) काढून जॅकेटच्या खिशात. वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ अंगावर, रिबवर नाही.

सोडायची पद्धत. वारा आणि प्रवाह एकाच दिशेने असतील तर रिबचं तोंड त्यांच्याकडे असतं. कयाक कन्सोलच्या बरोबरीने पाण्यात उतरवा, नाक रिबच्याच दिशेला. मागचा दोर साध्या सुरगाठीने ट्यूबच्या रिंगला. निरगाठ चालणार नाही, ओल्या निरगाठीला दोन्ही हात लागतात. पुढचा दोर गाठ न मारता रिंगमधून ओवून परत स्वतःच्या बसायच्या जागेपर्यंत आणा, दोन्ही टोकं हातात. त्या टोकांना गाठ किंवा स्प्लाइस (विणलेला जोड) नको, रिंगमध्ये अडकेल. दोराची ओवलेली लांबी अशी की सुटला तरी टोक पंख्यापर्यंत पोचू नये.

आता ट्यूबवर बसा, वल्हं ट्यूब आणि कयाक यांच्यावर आडवं टाका, एका हाताने ते आणि रिबचा दोर धरा. दोन्ही पाय कयाकच्या मध्यरेषेत, मग बूड. उभं राहायचं नाही. बसलात की आधी मागचा दोर सोडा, पुढचा शेवटी. उलटं केलंत तर प्रवाह नाकात शिरून कयाक आडवी करतो. शेवटी एक टोक सोडून दुसरं ओढा. दोर सळसळत रिंगमधून निघून येतो आणि तुम्ही मोकळे.

जुना_नांगर · १०:२८
समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत (कोलरेग, १९७२) नियम ३० बघा. ७ मीटरहून लहान बोटीला नांगरावर काळा गोळा (दिवसाची खूण) किंवा दिवा लावायची सक्ती नाही, पण अरुंद मार्ग, जलमार्ग, नांगरतळ किंवा जिथे इतर बोटी नेहमी ये-जा करतात तिथे ती सूट नाही. खाडीच्या तोंडाशी नांगरणार असाल तर गोळा लावा. आणि नियम ५, नजर ठेवणं. तो आडव्या कयाकमुळे आधीच मोडत होतात. कन्सोलमागून पुढचं काही दिसत नसणार.

ओहोटी_०७ · १०:५०
परत आल्यावर २९ किलो एकट्याने वर कशी घ्यायची?

सुरगाठ · ११:०५
इंजिनजवळून नको, वर उचललेल्या पंख्याची पाती धारदार असतात. रिबच्या मागच्या तृतीयांशात, नाक आधी. ट्यूबवर बादलीभर पाणी ओता, ओल्या ट्यूबवरून प्लास्टिक घसरतं. नाक ट्यूबवर चढवून थांबा, स्कपरमधून पाणी निघून जाऊ दे. दहा लिटर राहिलं तर दहा किलो जास्त. मग दोन्ही हात हँडलवर, आणि रिब तुमच्या बाजूला कलेल त्या क्षणी ओढा. खांद्याने उचलू नका, मागे झुकून अंगाचं वजन लावा. वल्हं त्याआधीच डेकवर.

पाणकावळा · ११:०९
किंवा ओढत न्या.

ओहोटी_०७ · दुपारी १:३५
मोजलं. कन्सोलच्या बाजूने आतली लांबी ४.०५ मीटर. कयाक ३.८. बसते आरामात. फोम आणि कडी आज बसवतोय, पॅच नंतर.

जुना_नांगर · १:४१
कयाकला रडर (मागचं सुकाणू) आहे का?

ओहोटी_०७ · १:४२
आहे. का?

जुना_नांगर · १:४२
ते धरून मोजलंत?

ओहोटी_०७ · १:५८
४.११.

सुरगाठ · २:०३
पिनवर असेल. पिन काढा, रडर वेगळं बांधा, आणि पिन दोरीने कयाकलाच अडकवून ठेवा.