फसवणुकीच्या इंग्रजी शब्दांतील छटा

प्रश्न (फोंडा) : मी शाळेत इंग्रजी शिकवते. 'चीट', 'डिसीव्ह', 'कॉन', 'हुडविंक' या सर्वांसाठी मुले 'फसवणे' हा एकच शब्द लिहितात. तो चूक नसला तरी छटा हरवतात, याची मला खंत वाटते. हा फरक कसा समजवावा?

उत्तर (म्हापसा) : व्युत्पत्तीपासून सुरुवात करावी. 'कॉन' हा 'कॉन्फिडन्स', म्हणजे विश्वास, या शब्दाचा तुकडा आहे. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली विल्यम थॉम्पसन नावाचा भामटा पकडला गेला. तो अनोळखी गृहस्थांशी जुन्या ओळखीचा आव आणून बोले आणि विश्वासाने आपले घड्याळ उद्यापर्यंत सोपवाल का, असे विचारून ते घेऊन पसार होई, म्हणून वृत्तपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले. तेव्हा 'कॉन'साठी 'विश्वास संपादून गंडा घालणे' हेच योग्य. 'हुडविंक'चा मूळ अर्थ डोळे झाकणे असा असल्याने आपला 'डोळ्यांत धूळ फेकणे' हा वाक्प्रचार तिथे चपखल बसतो.

उत्तर (मडगाव) : 'डिसीव्ह'मध्ये पैशांचा संबंध असावाच लागत नाही, खोटा समज करून दिला तरी पुरे. आपल्या मुलांना कोकणी येतेच, आणि 'फट' म्हणजे खोटे, त्यावरून आलेले 'फटोवप' या छटेच्या अगदी जवळचे आहे. 'चीट'मध्ये मात्र नियम मोडून लाभ घेणे येते, म्हणून परीक्षेतील कॉपीला तोच शब्द लागतो.

प्रश्नकर्ती : 'फटोवप' मला सुचलेच नव्हते. सोमवारच्या तासाला तिथूनच आरंभ करीन.