फ्रिज बदलू की नुसतं रबर? मदत हवी आहे

मंडळी, घरखर्चाला कात्री लावायची म्हणून वीजबिलापासून सुरुवात केली आहे. दिवे एलईडीच आहेत, तिथून आणखी काही निघणार नाही. गीझरचा हिशोब सोपा: २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट. तो वेळ कमी केला, विषय संपला.

घोडं अडलंय फ्रिजपाशी. जुना आहे आणि कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही. दारात कागद अडकवून ओढून पाहिला. वर घट्ट बसतो, खाली बिजागरीजवळ अलगद सुटून येतो. म्हणजे तिथून थंडावा बाहेर जातोय. मागची जाळी पुसली, फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, तरी फारसा फरक नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, नवीनच घ्या. (तो दुसरं काय म्हणणार!)

नुसतं रबर बदलून कोणाकडे युनिट खरंच कमी झाले का? गरम पाण्यात बुडवलं की रबर परत आकारात येतं म्हणतात, ते टिकतं का? आणि एकट्या फ्रिजचे युनिट मोजायला प्लगमध्ये लावायचं मीटर कोणी वापरलंय? नवीन घ्यायचा की नाही ते ठरवण्याआधी निदान आकडा तरी हातात हवा.