मदत हवी आहे: हॅशटॅगवरून पोस्ट नव्या लोकांपर्यंत पोहोचत नाहीत
नमस्कार. मी पक्ष्यांची छायाचित्रे आणि त्यांच्या ओळखीच्या खुणा समाजमाध्यमावर नियमितपणे टाकतो. परंतु गेल्या काही महिन्यांपासून इनसाइट्समध्ये (पोस्टच्या आकडेवारीत) जवळजवळ सगळी रीच, म्हणजे पोस्ट पाहणाऱ्यांची संख्या, जुन्या फॉलोअर्सचीच दिसते आणि हॅशटॅगवरून आलेल्यांचा आकडा नगण्य असतो. खाजगी खात्याच्या पोस्ट हॅशटॅगच्या शोधात सर्वांना दिसत नाहीत, म्हणून खाते सार्वजनिकच ठेवले आहे. मध्ये मोकळी जागा किंवा जोडरेघ आली की हॅशटॅग तिथेच तुटतो, त्यामुळे '#पक्षीनिरीक्षण' असे सलग लिहितो. दुसऱ्या खात्यावरून हाच टॅग शोधला, तेव्हा इतरांच्या पोस्ट दिसल्या, माझी मात्र नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. '#निसर्ग' यासारख्या व्यापक टॅगखाली पोस्ट झटकन मागे पडते हे समजू शकते. पण कमी वापराच्या, नेमक्या टॅगखालीही ती का नसावी? प्रत्येक पोस्टला तेच ते टॅग लावल्याने ती स्पॅम ठरते का, की निर्बंध असलेला एखादा टॅग बाकीच्यांनाही अडवतो? खात्याच्या स्थितीत कोणतीही ताकीद दिसत नाही. हा दोष कोणत्या क्रमाने तपासावा, आणि टॅगऐवजी कॅप्शनमधील शब्दांवर भर द्यावा का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.