जनगणना फेब्रुवारीत, दरड जुलैत: आकडा धरायचा कोणता?

सुधागडकर
१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळी पायथ्याशी एकच प्रश्न: वर माणसं किती होती? कागदावर २२८. पण त्यातलं कोण आश्रमशाळेत, कोण कामासाठी बाहेर, ते वजा करत बसावं लागलं. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते, ५७ जण बेपत्ता.

म्हणून म्हणतो, आपत्तीचा धोका काढायला जनगणनेचा आकडा वापरणं बंद करा. शेवटची मोजणी २०११ची, तीही फेब्रुवारीतली. तेव्हा आमच्याकडच्या कातकरी वाड्या निम्म्या ओस असतात, माणसं वीटभट्टीवर. पाऊस लागायच्या आधी ती परततात, आणि दरडी पडतात पावसात. वर आकडे छापतात महसुली गावाचे. वाडी त्यात दिसतच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख, म्हणजे ज्या दिवशीची माणसं धरतात ती, १ मार्च २०२७. म्हणजे पुन्हा तेच.

शाळेतल्या बाई
बंद करा म्हणे! मी गेल्या जनगणनेत प्रगणक होते. वाडी आम्हाला दिसली होती हो. घर न् घर नजरी नकाशात, म्हणजे हाताने काढलेल्या कच्च्या नकाशात, दाखवलं, उन्हात पाय भाजले ते वेगळंच. छापताना गाळलं त्याचा राग मोजणीवर का?

आणि जनगणनेच्या घरयादीत फक्त डोकी नव्हती, भिंत कशाची, छप्पर कशाचं तेही लिहिलं होतं. किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला सगळी घरात झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथे किती माणसं होती यापेक्षा कशाखाली झोपली होती, हे महत्त्वाचं. तो रकाना दुसऱ्या कुठल्या यादीत आहे, दाखवा.

चौकटराजा
दोघंही जुन्या काळात आहात. वर्ल्डपॉपसारखे नकाशे शंभर मीटरच्या चौकटीत लोकसंख्या देतात. महसुली गावाची हद्द गेली खड्ड्यात.

सुधागडकर
चौकटीत आकडा भरला कुठून? जनगणनेचाच, घरं-रस्ते बघून वाटून दिलेला. शिळी भाकरी बारीक चुरली म्हणून ताजी होत नाही.

चौकटराजा
बरं, मग मोबाइल घ्या. नेपाळमध्ये २०१५च्या भूकंपानंतर एनसेल या मोबाइल कंपनीच्या सिमकार्डांच्या निनावी नोंदींवरून काठमांडूतून किती लोक बाहेर पडले याचा अंदाज काढला होता.

सुधागडकर
काठमांडूत ठीक. आमच्याकडे एका घरात एक फोन, आणि रेंज हवी तर टेकाडावर जायचं. पावसात तर टॉवरच झोपतो.

कृष्णाकाठ
आमच्याकडे उलटी गंमत. फेब्रुवारीत बीडचे ऊसतोड कामगार आमच्या फडात, ऑगस्टमध्ये आपापल्या गावी. २०१९चा महापूर ऑगस्टमधला. पण खरं सांगू, सांगलीत त्याने फार फरक पडत नाही. इथे दुखणं पूररेषेतल्या बांधकामांचं आहे, आणि ती मोजायला जनगणना लागत नाही, नुसती मान वर केली तरी दिसतात.

फाइलवाला
मुद्दा चुकतोय. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. डोकी नीट मोजली असती तरी काय उपयोग? किल्लारीही तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. आधी डोंगर तपासा, मग माणसं.

आणखी एक. 'लोकसंख्या जास्त तिथे प्राधान्य' असा हिशेब लावला की चाळीस-पन्नास घरांची वाडी कायम तळाला राहते. ३० जुलै २०१४ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं. तेही काही मोठं गाव नव्हतं.

शाळेतल्या बाई
डोंगर तपासा, जरूर. पण खाली कोणी राहतं हे माहीतच नसेल तर कुठल्या डोंगरापासून सुरुवात करणार?

सुधागडकर
बाई, 'बंद करा' मागे घेतो. ते नजरी नकाशे पावसाआधी तहसीलला मिळतील का? नावं नकोत, नुसते घरांचे ठिपके.

शाळेतल्या बाई
१९४८च्या कायद्याने माणसांची माहिती गोपनीय आहे, म्हणून नावं मिळणारच नाहीत. ठिपक्यांना माझी तरी ना नाही. पण जुलैत कुठल्या ठिपक्यात कितीजण झोपतात, ते विचारायला वर चढणार कोण?

सुधागडकर
आशाताई. ती तशीही चढते.