मदत हवी आहे: राम नदीत सांडपाणी सोडलं जातंय, जबाबदार नक्की कोणाला धरायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात बावधनला राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे राम नदी आहे. पावसाळा सोडला तर ओढ्याएवढीच, पण गेल्या उन्हाळ्यापासून त्यात जे वाहतंय त्याला पाणी म्हणवत नाही. पुलाच्या अलीकडे एक सिमेंटचा पाइप थेट पात्रात उघडतो. दुपारी त्यातून जेमतेम धार असते, रात्री दहानंतर मात्र भरून वाहतो आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात. सकाळी पाइपच्या तोंडाशी राखाडी गाळ, साबणाचा फेस आणि केसांचे गुंते अडकलेले असतात. हे घराघरातलं सांडपाणी आहे, यात मला तरी शंका नाही.

खरी अडचण हद्दीची. नदी खाटपेवाडीकडून भुकूम, भूगाव अशी ग्रामपंचायतींमधून येते. बावधन बुद्रुक 2021 मध्ये महापालिकेत आलं. पुढे पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत ती मुळेला मिळते. वस्ती झपाट्याने वाढली, ड्रेनेज लाइन मागे राहिली. तक्रार घेऊन गेलं की एक कार्यालय म्हणतं घाण वरून येते, दुसरं म्हणतं पाइप आमच्या हद्दीत नाही. ऑनलाइन तक्रार तर जागेवर कोणी न येताच ‘निकाली’ निघाली. संताप येतो हो!

1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 24 वाचलं. प्रवाहात दूषित पाणी सोडायला सगळ्यांनाच मनाई आहे, आणि कोरडा पडलेला ओढाही त्यात येतो. म्हणजे बिल्डर असो, सोसायटी असो की स्थानिक संस्था, कोणीच सुटत नाही. आमच्या भागातल्या एका सोसायटीत वीजबिल परवडत नाही म्हणून एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र) रात्री बंद ठेवतात, असं तिथलेच रहिवासी सांगतात. एसटीपी चालवणं महाग आहे, मान्य. पण वाचवलेला तो खर्च खाली पाषाण-बाणेरच्या लोकांना भोगावा लागतो, हे मला अजिबात पटत नाही.

आता जाणकारांना विचारायचंय ते असं. हा पाइप कोणाचा आहे, हे कागदावर कसं सिद्ध करायचं? माहिती अधिकारात ड्रेनेजचा नकाशा मागावा की आसपासच्या प्रकल्पांची एसटीपीची परवानगी, आणि अर्ज कोणाकडे? कोर्टात टिकायचं तर नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच रीतसर घ्यावा लागतो, असं वाचलं. पण पाइप वाहतो रात्री. त्या वेळी अधिकाऱ्यांना जागेवर आणणं कोणाला जमलंय का? काय केलंत?

शेवटचा मार्ग हरित न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण अर्जाला 6 महिन्यांची मुदत असते. रोज सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या बाबतीत ती कुठून मोजतात? आणि वकील न लावता अर्ज चालवता येतो का?

तारीख-वेळेसह फोटो आणि व्हिडिओ तयार आहेत. आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्या सह्या द्यायला तयार आहेत. कोणी असा पाठपुरावा केला असेल तर अर्जाचा मसुदा दिलात तरी मोठी मदत होईल. पावसाळ्याआधी अर्ज द्यायचाय, कारण एकदा पाणी वाढलं की पाइप दिसेनासा होतो.