बाळ तान्हं आणि बाप निघाला मिशनवर : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातला, फौजेत नाईक आहे. यूएनच्या शांतिसेनेच्या मिशनसाठी नाव आलंय, साऊथ सुदान. घरी मुलगी झालीय, अजून मान धरत नाही. बायको माहेरी तासगावला. गावात वाटलेले पेढे मुलीचे की मिशनचे, यावरच दोन दिवस घोळ चालला होता.

खूश आहेच. मिशन सगळ्यांना मिळत नाही, आणि घराचा स्लॅब अर्धा राहिलाय हेही खरं. पण वर्षभर जायचं म्हणजे पोरगी रांगणार, दात येणार, चालणार, तेव्हा मी तिकडे. म्हणून हा धागा. "देव पाठीशी आहे" एवढंच लिहू नका, मांढरदेवला जाऊन आलोय. ज्यांनी हे केलंय त्यांनी निघायच्या आधी घरात काय ठरवलं, कुठले कागद केले, मागे काय अडलं ते सांगा. वहिनी लोकांनी तर लिहाच. इथे रडगाणं गायलं तरी चालेल.

निवृत्त सुभेदार, आपशिंगे मिलिटरी

बेटा, आधी एक. युनिटचं नाव, निघायची तारीख, विमान कुठून, यातलं काहीही इथं लिहायचं नाही. कुणी प्रेमानं विचारलं तरी नाही. बायकोलाही सांग, स्टेटसला ठेवू नको म्हणावं.

आमच्या गावाला हे नवं नाही. पहिल्या महायुद्धात इथली ४६ माणसं परमुलखात कामी आली, गावात स्मारक आहे. मी स्वतः काँगोला होतो, गोम्याला, तेव्हा त्या मिशनला मोनुक म्हणायचे. थोरला पाळण्यात होता.

आता कागद. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, आणि ती जिथं बाळंतपण झालं तिथल्या कार्यालयात. बाळंतपण मिरजेत आणि नोंद मागायला कोरेगावला, असं करणारे पाहिलेत. नाव ठरलं नसेल तरी नोंद करून टाका, नाव वर्षभरात फुकट चढतं. दाखला हातात आला की युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली घरच्यांची नोंद, पाडून घे. ती नसेल तर फौजेच्या लेखी तुला मुलगीच नाही. डिपेंडंट कार्ड, एमएचमधला (मिलिटरी हॉस्पिटल) इलाज, पुढं शाळेची सवलत, सगळं तिथं अडतं. पॅटर्निटी लीव्ह १५ दिवसांची असते आणि जन्मापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते. मिशनवरून येऊन घेईन म्हणशील तर गेली.

आणि नॉमिनेशन बघ. आपली पोरं लग्नाआधी भरती होतात, सगळीकडे आईचं नाव असतं. ग्रुप इन्शुरन्स, फंड, बँक, पोस्ट, सगळं काढून बस. बदल करायचा तर आईला तू स्वतः सांग. तू गेल्यावर तिला बँकेतल्या माणसाकडून कळलं तर सुनेवर राग निघतो, आणि तो वर्षभर निघत राहतो.

रहिमतपूरची सून

सुभेदार काकांनी नेमकी नस धरली. माझे मिस्टर लेबनॉनला होते, मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा.

आमच्याकडे पैसे मिस्टरांच्या खात्यात आणि एटीएम कार्ड दिरांकडे. दीर वाईट नाहीत, पण डायपरचं पुडकं आणायचं तरी कारण सांगून पैसे मागायचे. एकदा बाळाला रात्री ताप भरला. दवाखाना कुठला, गाडी कुणाची, खर्च किती, यावर ओसरीत चर्चा सुरू झाली आणि मी पोराला खांद्यावर घेऊन नुसती उभी. शेवटी मिस्टरांना फोन लावला. ते तिकडून म्हणाले, "आई म्हणेल तसं कर." आई म्हणत होत्या, उतारा काढू. उतारा काढला, मग दवाखान्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना साफ सांगितलं, निर्णय कुणाचा ते आज सगळ्यांसमोर बोला. फोन स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, "पोराच्या तब्येतीचं ती ठरवेल, पैशाचं दादा आणि ती मिळून, शेताचं अण्णा." तेवढ्यानं घर शांत झालं. सासूबाई चार दिवस गप्प होत्या, नंतर त्याच म्हणायला लागल्या, "तिला इचारा." नाईक भाऊ, हे वाक्य निघायच्या आधी घरात बसून बोला. समोर बसून बोललेलं वेगळं आणि फोनवरचं वेगळं.

बायको माहेरी किती दिवस, सासरी कधी येणार, तेही तुम्ही असतानाच ठरवा. नाहीतर दोन्हीकडचे एकमेकांच्या फोनची वाट बघत बसतात आणि मधल्या मध्ये तिचा जीव जातो.

खटावची आजी (टंकणारा नातू)

आजी सांगते ते तसंच लिहितोय.

"आमचं हे लंकेला गेलतं, शांतिसेनेत, १९८७ साली. थोरली लेक तवा अंगावर पीत होती. फोन कुठला आलाय बाबा? छप्पन एपीओचा, फौजेच्या पोस्टाचा पत्ता, त्यावर पत्र टाकायचं. मला ल्ह्यायला येत नव्हतं. गावातल्या मास्तरांकडनं ल्ह्यायची, मग मास्तरांसमोर काय सांगणार? 'सर्व खुशाल' म्हणायची आन् उठायची.

मग माझा भाऊ मुंबईहून टेप घिऊन आला. म्हणला, पोरीचा आवाज भरून कॅसेट धाडू. पोरगी एरवी घर डोक्यावर घ्यायची, टेप लावला की गप! अर्धी कॅसेट नुसती म्हस वरडतीया, सासरा खोकतोय, आन् मी म्हणतीया, 'रड की गं, रड की.' ती तशीच धाडली. हे आल्यावर म्हणलं, समद्या पोरांनी बसून ऐकली, लय हसली. म्हशीचा आवाज ऐकून एकाच्या तर डोळ्यात पाणी आलं."

आजोबा १९९० च्या मार्चमध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या त्याच्या थोडे आधी आले. कॅसेट अजून आहे, वाजवायला टेप नाही.

जत तालुका, मिशन करून आलेला

भाऊ, तुम्ही चाललाय त्याच मुलखात मी होतो, साऊथ सुदानात मलाकालला. कामाचं सांगतो.

आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा म्हणजे तिकडे आठ. साडेतीन तासांचा फरक आहे. तुम्ही ड्युटी संपवून, जेवून निवांत फोन लावणार तेव्हा घरी बाळ नुकतंच झोपलेलं असणार, आणि त्या घंटीनं उठलं की वहिनींची रात्र गेली. आम्ही वेळ बदलली. तिकडच्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे इथे चार-साडेचारला, बाळाच्या आंघोळीनंतर. रोज नाही जमत, नेट रडतं. त्यामुळे बायकोला सांगून ठेवलं होतं की फोन आला नाही म्हणजे नेट नाही, एवढाच अर्थ काढायचा.

जाण्याआधी यलो फिव्हरची सुई लागते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, त्याचं पिवळं कार्ड जिवापाड जपा. मलेरियाची गोळी चुकवायची नाही. गोळीनं कुणाकुणाला विचित्र स्वप्नं पडतात, घाबरू नका, डॉक्टरला सांगा. दाढ दुखत असेल तर इथेच काढून जा.

पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. जमीन काळी. आपल्या कृष्णाकाठच्या रानात पावसात ट्रॅक्टर रुततो ना, तसा तिथला अख्खा रस्ता रुततो. गाड्या चालत नाहीत, मग हेलिकॉप्टर आणि होड्या. कांदा-लसूण मसाला जास्त न्या. पंजाबी, मद्रासी, गोरखा सगळे मागतात आणि नाही म्हणता येत नाही.

मुलाचं म्हणाल तर मी परत आलो तेव्हा तो मला "हॅलो" म्हणून हाक मारायचा. रोज फोनवर तेच ऐकलेलं, त्याला वाटलं माझं नाव हॅलो आहे. आता दुसरीत आहे, पप्पा म्हणतो. पैसे हवे असले की अजून हॅलो.

कवठे महांकाळ, फौजीची बायको

मी जरा वेगळं लिहिते, कुणी घाबरू नये. २०२५ च्या जानेवारीत एम-२३ वाल्या बंडखोरांनी काँगोतलं गोमा शहर घेतलं तेव्हा आमचे हे तिथे होते. मुलगी आठ महिन्यांची.

बातमी आधी टीव्हीवर आली नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आली. गावातल्या, नात्यातल्या, शाळेतल्या ग्रुपवर एकच धुराचा व्हिडिओ, कुठला, कधीचा, कुणाला माहीत नाही. जो तो विचारतोय, "तुमचे तिथेच ना?" एक बाई तर घरी येऊन बसली, तोंड पाडून. मला अजून तिचा राग आहे.

मला दोन गोष्टींनी तारलं. युनिटमधल्या बायकांचा एक छोटा ग्रुप होता, त्यात कुणाचाही फोन लागला की ती लिहायची "सगळे ठीक". तेवढेच दोन शब्द, त्यात चर्चा नाही. आणि सासऱ्यांनी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. स्वतः आजन्म बातम्या बघणारा माणूस. ह्यांचा फोन आला तो जेमतेम मिनिटभर, "ठीक आहे, जेवलो, नंतर बोलतो." जेवलो म्हणाले ना, मग मी पण ताट वाढून घेतलं.

भाऊ, घरच्यांना आत्ताच सांगा, बातमी फक्त एका माणसाकडून घ्यायची. तो माणूस ठरवून ठेवा.

कराड, न गेलेला

सगळे गेलेले लिहितायत म्हणून न गेलेला लिहितो. माझंही नाव आलं होतं. बायकोचं सिझेरियन, मुलगा कमी वजनाचा, काचेच्या पेटीत. मी साहेबांकडे अर्ज केला, नाव मागच्या जवानाला गेलं. बरीच टिंगल झाली. "बायकोच्या पदराखाली" वगैरे. एका पाहुण्यानं तर मिशनचा पैसा, त्यात येणारा प्लॉट, असा हिशेब कागदावर मांडून दाखवला.

मला वाईट वाटत नाही. दरवेळी असं करता येणार नाही हे कळतं, आणि तुमची मुलगी ठणठणीत आहे, तुम्ही जा. पण वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी खरंच अडचण असेल तर कमांडरला सांगून तरी बघा. मला तिथं कुणी ओरडलं नाही. ओरडले ते पाहुणे.

मिरजेची सिस्टर

बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी करते. फौजी बाप डिस्चार्जच्या दिवशी येतात, खाऊ वाटतात, फोटो काढतात आणि विचारतात, "बाळ ठीक आहे ना?" आईचं कुणी विचारत नाही.

लसीचं कार्ड आईच्या हातात द्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेला. तारखेच्या आदल्या दिवशी तिकडून मेसेज टाका. आठवण तिला असतेच, पण तुम्हालाही आहे हे तिला कळतं.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते होतं. दोन आठवडे उलटले तरी ती हसत नसेल, झोप नाही, बाळ नकोसं वाटतंय म्हणत असेल, तर "आठवण येतेय नवऱ्याची" म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. हे नवऱ्यांनी नाही, सासूनं आणि आईनं वाचायला हवं. त्यांना वाचून दाखवा.

नाईक, कोरेगाव (धागा काढणारा)

सगळ्यांचे आभार. सुभेदार साहेब, नॉमिनेशन काढून बघितलं, सगळीकडे आईचंच नाव होतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बदल की, मी कुठं नेणाराय," आणि मग संध्याकाळपर्यंत भांडी जरा जोरात आपटत होती. रात्री स्वतःच म्हणाली, पोरीच्या नावानं पण एक खातं काढ.

रहिमतपूरच्या वहिनी, तासगावला जाऊन सासरे, मेहुणा, माझी आई, बायको सगळ्यांना एकत्र बसवलं. ठरलं असं : मुलीला नववा महिना लागेपर्यंत तासगाव, मग कोरेगाव. दवाखान्याचं बायको ठरवणार. मेहुणा म्हणाला, "हे काय आता लिहून घ्यायचं का?" बायको म्हणाली, "हो." लिहून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर.

बातमीसाठी माझा मेहुणा नाही, बायकोचीच मैत्रीण ठरली, तिचा नवरा माझ्याच कंपनीत आहे.

एक शेवटचं विचारतो. मुलीचं आधार काढायचं राहिलंय. मी गेल्यावर बायकोला एकटीला काढता येईल का, की माझी सही लागेल?

रहिमतपूरची सून

तुमचं काही लागत नाही. पाच वर्षांखालच्यांचं निळं आधार असतं, बोटांचे ठसे घेत नाहीत. जन्माचा दाखला आणि आईचं आधार, तिच्या अंगठ्यावर होतं. सकाळी लवकर पाठवा, उन्हं चढली की मशीनवाला सर्व्हर डाऊन म्हणून चहाला जातो.